कॉमिकचं एक पान काढायला किती वेळ लागतो, आणि तो आधीच कसा ओळखायचा

"आठ पानं ना, मग आठ दिवस द्या." एका दिवाळी अंकाच्या संपादकांना मी फोनवर हे सांगून टाकलं तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. कुठेतरी वाचलेलं की कॉमिक आर्टिस्ट दिवसाला एक पान काढतात, म्हटलं मी पण कॉमिकच काढतेय की. आठ दिवस संपले तेव्हा माझ्याकडे जेमतेम तीन पानं होती, संपादकांचे चार मिस्ड कॉल होते, आणि घरी आलेली आत्या मागे उभी राहून म्हणत होती, "दिवसभर बसून एवढंच का गं?"

तर हे सगळं त्यांच्यासाठी ज्यांना चित्र काढता येतं, पहिलं पेड कॉमिक हातात आलंय आणि समोरचा विचारतोय की किती दिवस लागतील. पान कसं काढायचं ते सांगतेच पण त्याहून जास्त, वेळ नेमका कुठे जातो ते सांगते, कारण आपण सगळे चुकतो ते तिथेच.

दिवसाला एक पान, पण कोणाचं?

तो आकडा खोटा नाहीये. अमेरिकेत महिन्याला निघणाऱ्या कॉमिकमधे गोष्टीची 20 ते 22 पानं असतात आणि महिन्यात कामाचे दिवस पण साधारण तेवढेच, म्हणून दिवसाला एक. फक्त ते पान म्हणजे पेन्सिलचं पान. लिहिणारा वेगळा, पेन्सिल करणारा वेगळा, त्यावर शाई चढवणारा इंकर वेगळा, रंगवणारा वेगळा, संवादांच्या फुग्यांत अक्षरं भरणारा वेगळा. अमेरिकन कॉमिक आर्टिस्ट जॅक कर्बी साठच्या दशकात दिवसाला तीन-तीन पानं पेन्सिल करायचा असं सांगतात, आणि माणूस अचाट होताच, पण त्याच्या पेन्सिलवर शाई करायला जो सिनॉटसारखे लोक बसलेले होते. आपल्याकडे इंकर पण मीच, कलरिस्ट पण मीच, आणि कुरिअरवाल्याला दार उघडणारी पण मीच.

जपानचं बघा. तिथे साप्ताहिक मांगात, म्हणजे जपानी कॉमिकमधे, एका आठवड्याला 18-19 पानं जातात, ऐकून धडकीच भरते. पण एक तर ती काळी-पांढरी, रंग नाहीच. दुसरं म्हणजे मुख्य आर्टिस्टच्या टेबलाभोवती असिस्टंट बसलेले असतात, कोणी बिल्डिंगा काढतंय, कोणी काळं भरतंय, कोणी स्क्रीनटोन, म्हणजे राखाडी छटेसाठी ठिपके छापलेले चिकट कागद, कापून चिकटवतंय. आठवड्यातले सुरुवातीचे दिवस तर खरं चित्र सुरूच होत नाही, आधी 'नेम' होतो, म्हणजे पूर्ण भागाचं कच्चं रेखाटन संवादांसकट, ते एडिटरनी पास केल्यावर पुढचं. मांगावाले ओसामु तेझुका, त्यांच्या नावावर आयुष्यभरात सुमारे दीड लाख पानं सांगतात, ती पण असिस्टंटच्या फौजेसकट.

आणि एकदम दुसऱ्या टोकाला टिनटिन. त्याचं तिबेटवालं पुस्तक 1958-59 मधे साप्ताहिकात येत होतं, आठवड्याला एक पान या हिशोबाने, 62 पानांना वर्षाहून जास्त लागलं, आणि टिनटिन काढणाऱ्या एर्जेकडे तेव्हा स्वतःचा स्टुडिओ होता बरं का, हाताखाली माणसं होती. तरी आठवड्याला एकच.

म्हणजे एकाच आठवड्यात कोणी 1 पान करतं आणि कोणी 19, आणि दोघंही आळशी नाहीत. प्रश्न स्पीडचा नाही, त्या पानात काय काय काढायचंय आणि किती हात आहेत, याचा आहे. कोणी विचारलं "पानाला किती वेळ?" तर आधी विचारायचं, "कुठलं पान?"

घड्याळ लावून काढलेलं एक पान

त्या आठपैकी तिसरं पान एसटी स्टँडचं होतं. एक मुलगा आजीला गाडीत बसवून देतो आणि तिची पिशवी त्याच्याच हातात राहते, एवढीच गोष्ट. पाच पॅनल, म्हणजे पाच चौकटी. पहिल्यात सकाळचा पूर्ण स्टँड, गाड्या, गर्दी. दुसऱ्यात खिडकीतून बाहेर आलेला आजीचा हात. तिसरा मुलाचा चेहरा. चौथ्यात गाडी निघालीय, मागून. पाचव्यात मुलगा आणि हातातली पिशवी.

पहिल्या दोन पानांवर वेळ कुठे गेला तेच कळलं नव्हतं म्हणून या पानाला मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, चहाला उठले की पॉज. वहीत हे असं लिहिलेलं आहे:

थंबनेल – 50 मि.
रेफरन्स – 1 तास 20 मि.
पेन्सिल – 6 तास 30 मि. (त्यात पहिलं पॅनल एकटं 3 तास 40!!)
इंकिंग – 4 तास 10 मि.
स्कॅन, सफाई – 30 मि.
फ्लॅट – 1 तास
रंग – 3 तास
लेटरिंग – 45 मि.

एकूण 18 तास 5 मिनिटं. आणि त्याच गोष्टीतलं पुढचं पान, जिथे आई आणि मुलगा स्वयंपाकघरात बोलतायत, तेही पाचच पॅनल, ते साडेआठ तासात उरकलं. कागद तोच, हात तोच, पॅनल तेवढीच, आणि वेळ निम्म्याहून कमी. हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले तेव्हा पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला.

आता एकेक टप्पा कसा करायचा ते सांगते, जिथे सांगण्यासारखं आहे तिथे जास्त.

थंबनेल: इथे घाई केलीत की पुढे रडाल

थंबनेल म्हणजे पानाचं छोटं, घाणेरडं स्केच. काड्यापेटीपेक्षा जरा मोठं, म्हणजे साधारण मोबाइलच्या स्क्रीनएवढं घ्या, त्याहून मोठं नको, मोठं घेतलं की आपण त्यात नाकं-डोळे काढत बसतो. काडीची माणसं चालतील. इथे फक्त एवढंच ठरवायचं की कुठलं पॅनल मोठं, कॅमेरा जवळ की लांब, नजर कुठून कुठे जाते, आणि फुगे कुठे बसतात.

फुगे! हे मी बोल्ड करून लिहायला पाहिजे. नव्वद टक्के नवीन लोक चित्र पूर्ण काढतात आणि मग फुग्याला जागा शोधतात आणि शेवटी तो हिरोच्या केसांवर चढतो (नव्वद हा आकडा माझ्या मनातला आहे, पण मी स्वतः त्यातच होते). संवाद थंबनेलमधेच लिहून बघायचा, हाताने, पूर्ण. जो आधी बोलतो तो शक्यतो डावीकडे ठेवा कारण आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, नाहीतर फुग्यांच्या शेपट्यांची फुली होते.

आणि देवनागरीचं एक वेगळंच असतं, जे इंग्रजीतले व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला कोणी सांगत नाही. इंग्रजी कॉमिकची अक्षरं सगळी कॅपिटल, एकसारख्या उंचीची, ओळी एकमेकींना खेटून बसतात. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार, ऋकार, पायमोडकी जोडाक्षरं. दोन ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीतला 'तू' चा ऊकार खालच्या ओळीच्या 'की' च्या वेलांटीत घुसतो. म्हणून तेवढ्याच संवादाला मराठीत उभी जागा जास्त लागते. मी आता नियमच केलाय, फुगा वाटतो त्याच्या सव्वापट धरायचा आणि एका फुग्यात वीसच्या वर शब्द आले तर लेखकाला फोन करायचा.

थंबनेल झालं की ज्याचं काम आहे त्याला पाठवा आणि ओके घ्या. नुसता थम्ब्स-अप नको, "पान 3 थंबनेल ओके" असं लिहून घ्या. का ते पुढे कळेल.

रेफरन्स, म्हणजे ज्याचे तास कोणी मोजत नाही

मला वाटायचं एसटी मी डोळे मिटून काढेन, लहानपणापासून बघतेय. काढायला बसले आणि कळलं की खिडकीच्या वर किती पट्टा असतो, मागची शिडी कुठल्या बाजूला, आरसा कसा लटकतो, यातलं काहीच मला माहीत नाही. आपण गाडी ओळखतो, पण ती काढता येण्याइतकी बघितलेली नसते. शेवटी सकाळी स्वारगेटला जाऊन पंधरा-वीस फोटो काढले. त्याचा जायचा-यायचा वेळ वरच्या 1 तास 20 मधे धरलाय, शोधाशोधीचा पण.

टिप एवढीच की रेफरन्स पूर्ण गोष्टीचा एकदाच गोळा करा, पानापानाला नको. स्क्रिप्ट वाचताना एका कागदावर यादी करायची, काय काय 'मला बघितल्याशिवाय येणार नाही'. बैल, सायकल, शिवणाचं मशीन, नऊवारीचा काष्टा मागून. सायकल तर बघूनसुद्धा येत नाही म्हणा.

पेन्सिल

कागद साधारण A3. अमेरिकेतला बोर्ड 11 बाय 17 इंच असतो, त्यात चित्राची जागा 10 बाय 15, आणि छापताना ते लहान होतं, म्हणजे चित्र छपाईच्या साधारण दीडपट काढतात. 1967 च्या सुमारापर्यंत तिथे याहून मोठे बोर्ड वापरायचे, मग लहान केले. जागा कमी तर भरायचं कमी. आपण पण दीडपटच धरायचं. दुप्पट काढलं की तुम्ही असे बारकावे काढत बसता जे छापल्यावर काळा ठिपका दिसतात.

आधी मार्जिन, मग पॅनलच्या चौकटी, मग फुग्यांच्या जागा हलक्या हाताने, मग पर्स्पेक्टिव्ह, आणि मग माणसं. निळी पेन्सिल मिळाली तर कच्चं काम तिने करा, स्कॅनमधे निळा रंग काढून टाकता येतो, खोडायचा वेळ वाचतो.

पहिल्या पॅनलला 3 तास 40 मिनिटं का लागली तेही सांगते. मी आधी माणसं काढली, बावीस माणसं, छान छान, एक जण पेपर वाचतोय, एक बाई पोराला ओढतेय, आणि मग त्यांच्यामागे गाड्या बसवायला गेले तर क्षितिजरेषाच जुळेना. गाडीच्या दारात उभा कंडक्टर दाराच्या वर डोकं काढून. सगळं खोडलं. दुसऱ्यांदा आधी क्षितिज मारलं, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि मग सोपं झालं कारण सपाट जमिनीवर उभ्या सगळ्या मोठ्या माणसांचे डोळे साधारण त्याच रेषेवर येतात, जवळचा असो की लांबचा, फक्त पाय खाली-वर होतात. ही एक गोष्ट गर्दीच्या पॅनलला तास वाचवते.

आणि गर्दी सगळी काढायची नसतेच. पुढे तीन-चार नीट चेहऱ्याची माणसं, त्यामागे सात-आठ नुसते आकार, त्यामागे डोक्यांचे गोळे. ऐतिहासिक कॉमिक करणाऱ्यांसाठी तर हे पाठच करून ठेवा. लेखक एका ओळीत लिहितो "हजारो मावळे गड उतरून येतात", त्याला लिहायला पाच सेकंद, तुमचे दोन दिवस. पुढे तीन घोडे, त्यातले पण पाय धुळीत घालायचे (धूळ हा घोड्यांच्या पायांवरचा रामबाण उपाय आहे), मागे भाल्यांची टोकं आणि एक जरीपटका, झाले हजार.

अमेरिकेत वॉली वुड नावाचे आर्टिस्ट होते, त्यांनी कंटाळवाण्या बोलण्याच्या पानांसाठी बावीस प्रकारच्या पॅनलचा संच करून ठेवलेला, नुसती सावली, नुसता क्लोजअप, मागून, खिडकीतून, वगैरे. आर्टिस्ट लोक अजून टेबलासमोर लावतात. आणि आपल्याकडे बघायचं तर अमर चित्र कथेचे जुने अंक काढा. अनंत पैंनी 1967 मधे मुंबईत सुरू केलेली मालिका, राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या आपल्या लोकांनी काढलेली. वाचू नका, नुसतं बघा की बॅकग्राउंड किती पॅनलमधे आहे. सीनच्या सुरुवातीला राजवाडा, खांब, झुंबर सगळं, आणि पुढे दोघं बोलायला लागले की मागे बऱ्याचदा नुसता सपाट पिवळा नाहीतर निळा. वाचणाऱ्याला जागा कळलेली असते, परत परत खांब काढायची गरज नाही. मी लहानपणी शंभरदा वाचलेले ते अंक आणि हे एकदाही लक्षात आलं नव्हतं, म्हणजे त्यांचं काम किती बेमालूम.

शाई

मी अजून कागदावरच इंक करते, हौस म्हणा. कॅम्लिनची काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, एक निब आणि 2 नंबरचा ब्रश. पेन्सिल पक्की असेल तर शाई पटकन होते, पेन्सिलमधे "बघू नंतर" म्हणून सोडलेली प्रत्येक गोष्ट शाईला उभी राहून विचारते की आता काय. माझे 4 तास 10 मिनिटं गेले त्यात निम्मा वेळ अशाच उत्तरांचा.

आधी जवळच्या माणसांच्या जाड रेषा, मग मागचं बारीक, मग काळं भरणं सगळ्यात शेवटी आणि एकदम सगळ्या पानाचं. उजव्या हाताचे असाल तर डावीकडून वरून सुरू करा, हाताखाली एक कोरा कागद ठेवा. मे महिन्यात घामाने पुसलेलं पॅनल मी बघितलंय, माझंच होतं. पावसाळ्यात उलट, शाई वाळतच नाही, म्हणून दोन पानं आलटून पालटून घ्या, एक वाळतंय तोवर दुसरं.

टॅबलेटवर करणाऱ्यांचा स्कॅनिंगचा वेळ वाचतो, चूक झाली तर अनडू आहे, बॅकग्राउंड कॉपी करता येतं. पण तिथे झूम नावाचा शत्रू आहे. 400 टक्क्यांवर झूम करून तुम्ही कंडक्टरच्या बिल्ल्यावरचा नंबर काढता आणि छापल्यावर तो बिल्लासुद्धा दिसत नाही. दर दहा मिनिटांनी पूर्ण पान स्क्रीनवर आणायचं, आणि छपाईच्या साइजला जे दिसत नाही ते काढायचं नाही, एवढं पाळलं तरी डिजिटलमधे बराच वेळ वाचतो.

स्कॅन, रंग, अक्षरं

घरचा स्कॅनर A4 असतो आणि पान A3, तर दोन तुकड्यात स्कॅन करून जोडा किंवा सरळ मोठा स्कॅनर असलेल्या झेरॉक्सवाल्याकडे जा. रेषा 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा, 300 ला काठ करवतीसारखे दिसतात.

फ्लॅट म्हणजे प्रत्येक वस्तूला सपाट रंग भरून ठेवणं, सावली-बिवली काही नाही. कंटाळवाणं काम आहे, पॉडकास्ट लावून करायचं. बाहेर यासाठी वेगळी माणसं असतात, त्यांना फ्लॅटरच म्हणतात. घरात कोणी कॉलेजमधलं भावंड असेल तर त्याला पैसे देऊन शिकवा, मी मावसभावाला शिकवलं आणि पानामागे तास वाचला.

रंगाला तीन तास गेले कारण मी प्रत्येक पॅनलचा वेगळा विचार करत बसले. आता सीनला एकच उजेड ठरवते, सकाळचा पिवळा तर सगळीकडे पिवळा, आणि पाच-सहा रंगांचीच पट्टी. छपाईसाठी फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशोबातली, आणि काळी रेषा फक्त काळ्या शाईचीच असू द्या, चारही रंग मिसळून केलेला काळा नको, कारण छापताना प्लेट जराशी हलली की प्रत्येक रेषेला लाल-निळी सावली येते. कडेला 3 मिमी ब्लीड सोडा, म्हणजे कापताना जाईल एवढं जास्तीचं चित्र. प्रेसवाल्या काकांना आधीच विचारा त्यांना किती लागतो, ते रागावत नाहीत, न विचारता पाठवलं की रागावतात.

अक्षरं सगळ्यात वर, वेगळ्या लेयरवर, चित्रात मिसळायची नाहीत, प्रूफं येतातच. फोटोशॉपमधे टेक्स्टचं सेटिंग वर्ल्ड-रेडी नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पळते आणि जोडाक्षरं तुटतात, 'मित्र' चं काहीतरी भलतंच दिसतं. फॉन्ट फुकटातले कलाम आणि बलू चांगले आहेत, कलाम हाताने लिहिल्यासारखा दिसतो, बलू गुबगुबीत, लहान मुलांच्या गोष्टींना बरा. आरडाओरडा, 'धाडकन्', 'खळ्ळ' हे मात्र हातानेच काढा, फॉन्टमधे त्याला काही दम नसतो.

आता दिवस कसे सांगायचे

तर माझी ती आठ पानं शेवटी 104 तासांची झाली. म्हणजे सरासरी 13 तास. आता तुम्ही म्हणाल दिवसाचे आठ तास धरले तर 13 दिवस. नाही ना. दिवसाचे आठ तास कोणी चित्र काढत नाही. फोन येतात, जेवण असतं, पाठ धरते, लाइट जाते. स्टॉपवॉच लावून बघा, खरा हात चालतो तो पाच, फार तर साडेपाच तास. म्हणजे 19 दिवस, आणि मी सांगितलेले आठ. संपादक चांगले होते म्हणून अंक दुसरीकडून भरून माझी गोष्ट शेवटच्या फॉर्ममधे, म्हणजे सगळ्यात शेवटी छापायच्या पानांच्या गठ्ठ्यात, ढकलली. फक्त त्यांनी इंकिंग झाल्यावर सांगितलं की आजीला चष्मा हवा होता. आठही पानांवर. त्याचे तास या 104 मधे धरलेलेच नाहीत, आणि पैसे पण मिळाले नाहीत, कारण थंबनेलवरचा ओके लिहून घेतलेला नव्हता.

आता करते ते असं. स्क्रिप्ट आली की पेन्सिल घेऊन प्रत्येक पानासमोर सोपं, मधलं, अवघड असं लिहायचं. एका जागी दोन-तीन माणसं बोलतायत ते सोपं. जागा बदलते, हालचाल आहे, ते मधलं. गर्दी, वाहनं, जनावरं, जत्रा, लढाई, किंवा पाऊस प्लस छत्र्या, हे अवघड. माझे आकडे 9, 12 आणि 18 तास. तुमचे वेगळे असतील, म्हणून माझे घेऊ नका, तीन प्रकारची तीन पानं स्वतः घड्याळ लावून काढा आणि आकडे काढा. पहिल्यांदा लाज वाटेल इतके मोठे येतात, येऊ दे. स्वतःलाच कमी सांगून काय मिळणार.

सगळे तास जोडायचे, पाचाने भागायचं, त्यावर दुरुस्त्यांचे पंधरा टक्के. आणि पैशांचा भाव पण पानावर नाही, या तासांवरून काढायचा, मग पानाचा म्हणून सांगा हवं तर. अवघड पान आणि सोपं पान एकाच भावात देणं म्हणजे स्टँडवरच्या बावीस माणसांना फुकट बसवून नेणं.

स्क्रिप्ट हातात आल्याशिवाय तारीख सांगायचीच नाही. समोरचा म्हणतो "अंदाजे सांगा हो", तर तेव्हासुद्धा सगळी पानं अवघड धरून सांगा. लेखक बदलायला तयार असेल तर तिथेच बोलून घ्या, "लग्नाच्या मांडवाऐवजी मांडवाच्या मागचं आचाऱ्याचं पॅनल घेतलं तर चालेल का?" बऱ्याचदा ते जास्त चांगलं दिसतं आणि सहा तास वाचतात.

सवय लागायला एक व्यायाम आहे. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन आर्टिस्टने 1990 मधे एक पैज काढली, 24 तासांत 24 पानांचं पूर्ण कॉमिक, तयारी आधी काही करायची नाही. आता जगभर लोक हे करतात. मी केलं तेव्हा अकराव्या पानाला झोपले, पण तासाला एक पान या हिशोबात काय काय गाळलं तरी गोष्ट कळते ते असं समजलं जे पुस्तक वाचून समजलं नसतं. बॅकग्राउंड तर तिसऱ्याच पानापासून गायब होतं. फक्त डेडलाइनच्या आठवड्यात करू नका, आणि एरवीही तासाला एकदा उठून मनगटं-खांदे मोकळे करा, दुखायला लागल्यावर नाही, आधी. दुखणाऱ्या हाताचे तास कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

गेल्या वर्षी बारा पानांचं एक काम आलं, बैलपोळ्याची गोष्ट. स्क्रिप्ट वाचली, तीन अवघड, पाच मधली, चार सोपी. 54 अधिक 60 अधिक 36, दीडशे तास, पाचाने भागून तीस दिवस, वर दुरुस्त्या, पस्तीस दिवस सांगितले. समोरून "एवढे?" आलं. मी वहीचा फोटो पाठवला, तासांसकट. थोड्या वेळाने "ठीक आहे" आलं. लागले सदतीस. ते जास्तीचे दोन दिवस पान 7 चे आहेत, मिरवणुकीत सहा बैल होते, आणि बैल समोरून काढला की त्याची दोन्ही शिंगं सारखी का येत नाहीत ते मला अजून कळलेलं नाही. आता यादीत बैलासमोर 'अवघड' च्या पुढे अजून एक फुली मारून ठेवलीय.